दिल्या घरच्या लेकी

२ मार्च १९८६, रविवार

दैनंदिनीचा नाद मला कधी नव्हता. घड्याळं दुरुस्त करणाऱ्यानं वेळ दाखवावी, ती लिहून कशाला ठेवायची, असं माझं मत. पण आता एका मोठ्या कामाला हात लागला आहे. उद्या कुणी विचारलं की भीमाशंकरनं यात काय केलं, तर लेखी असलेलं बरं.

झालं असं. गेल्या आठवड्यात एक डॉक्टरबाई दुकानात आल्या. नाव सईदा. मूळच्या नांदेडच्या, काम हैद्राबादच्या एका संशोधन संस्थेत. त्यांचं बीपीचं यंत्र हवा धरत नव्हतं. लातूरच्या निम्म्या डॉक्टरांची यंत्रं माझ्याकडंच येतात. मनगटी घड्याळाची कमान बदलणाऱ्याला पाऱ्याची नळी साफ करणं अवघड नाही, फक्त शिकवणारा कुणी नसतो. मीही कुणाकडून शिकलो नाही. झडपेतली चकती वाळून आक्रसली होती. ती बदलली, पारा मऊ कातड्यातून गाळून भरला, शून्यावर आणला आणि खात्रीसाठी शेजारच्या मलप्पा चहावाल्याच्या दंडाला पट्टा बांधून आकडा सांगितला. मग मॅडमनी स्वतः मोजला. तोच आला.

मला म्हणाल्या, एकशे चोवीस म्हणता, सरळ एकशे वीस का नाही म्हणत? मी म्हटलं, पारा चोवीसवर आहे म्हणून. त्यावर त्या हसल्या. मोठमोठे डॉक्टरसुद्धा आकडा शून्याला नेऊन टेकवतात म्हणे, आणि त्यानं सगळं संशोधन वाकडं होतं.

त्यांना हवी आहेत अशी घराणी, ज्यांत रक्तदाब आणि हृदयविकार पिढ्यान् पिढ्या चालत आला आहे. मी लगेच माझ्या सासुरवाडीचं सांगितलं, किल्लारीचं. सासरे ज्ञानोबा वखर हाणता हाणता बांधावर बसले ते उठलेच नाहीत. थोरले मेव्हणे अर्जुनराव लकव्यानं खाटेवर पडून गेले. धाकटा व्यंकटी अजून धडधाकट आहे, पण तोंड कायम तांबडं. मी त्या घरचा जावई. मला नाही कोण म्हणणार? मॅडमनी घराण्याचा वंशवृक्ष काढायचं आणि सगळ्यांचा दाब मोजायचं काम माझ्यावर सोपवलं.

कावेरीला जेवताना सांगितलं. ती म्हणाली, "माझ्या माहेराला मोजायला चाललात व्हय? मोजा बापा. तुमी तर आमटीतल्या डाळी बी मोजता."

९ मार्च

मॅडमनी नियम लिहून दिले. माणूस आधी शांत बसलेला पाहिजे. हात छातीच्या उंचीला टेबलावर. पाठोपाठ तीनदा मोजायचं, पहिला आकडा सोडून द्यायचा, बाकीच्या दोहोंची सरासरी. रक्ताचा नमुना मॅडम स्वतः घेणार, बर्फाच्या थर्मासात घालून नांदेडहून रेल्वेनं हैद्राबादला नेणार. रक्तातल्या तांबड्या पेशींमधून मिठाची सारखी ये-जा चालू असते. काही घराण्यांत तिची चाल वेगळी पडते. ती चाल आईबापाकडून लेकरांत उतरते का, हे त्यांना पाहायचं आहे. मला हे चटकन कळलं. घड्याळाचीही चाल असते आणि ती वरून पाहून कळत नाही.

लातूरला जिल्हा होऊन चौथं वर्ष सरत आलं. कलेक्टर आले, पाट्या बदलल्या, नळ मात्र तालुक्याचाच राहिला. आता तर तोही कोरडा. टँकर कोपऱ्यावर उभा राहतो आणि कावेरी दोन घागरी घेऊन जिना चढते. सकाळी तिच्या कपाळावर सुंठेचा लेप होता. उन्हाळा यंदा लवकर लागला आहे.

१६ मार्च

किल्लारीला जीपनं गेलो. मॅडम, मी, आणि मांडीवर यंत्र. व्यंकटीनं पारावर सतरंजी घातली होती, जसं काही लग्नाची बैठक. सगळे भाऊबंद जमले. कुणी म्हणे दाजी आता सुई टोचणार, कुणी म्हणे दाजी घड्याळ बांधून राहिले दंडाला. व्यंकटीनं बाही वर केली आणि म्हणाला, "दाजी, जास्ती निघालं तर आमच्या कारभारनीला सांगू नका. ती ठेचा बंद करंल."

त्याचा आकडा १८४ वर ११० निघाला. मी सांगितलं. तो हसला, पण मग बराच वेळ बाही खाली करायची विसरला. मॅडमनी त्याचं रक्त घेतलं, त्याला तिथंच गोळ्या दिल्या आणि कशा घ्यायच्या ते दोनदा समजावलं.

परतल्यावर वंशवृक्ष काढला. पुरुषाला चौकोन, बाईला गोल, दाब असेल तर आतून शाईनं भरायचं. व्यंकटीच्या आजोबापासून त्याच्या नातवापर्यंत. एकही रेघ हलली नाही. घड्याळाच्या तबकडीवर आकडे रंगवणाऱ्याचा हात आहे हा.

२९ मार्च

आज मॅडमशी वाद झाला. वंशवृक्ष त्यांनी बराच वेळ पाहिला. सुबक आहे म्हणाल्या. मग विचारलं, "भीमाशंकरराव, या घरात पाच पिढ्यांत एकही मुलगी जन्मली नाही का?"

मी म्हटलं, जन्मल्या की. पण लेकी दिल्या घरच्या. त्यांचं कूळ बदललं, कुळदैवत बदललं, नावसुद्धा बदललं. किल्लारीच्या झाडावर त्यांना कसं दाखवायचं? जे गोल मी काढलेत, ते या घरात आलेल्या सुनांचे आहेत. त्या आता इथल्या.

मॅडम म्हणाल्या, सुनांचं रक्त त्यांच्या माहेरचं. अक्षता टाकल्या म्हणून रक्त बदलत नाही. बाप जेवढं मुलाला देतो तेवढंच मुलीला देतो. तुम्ही या घराण्याचे निम्मे लोक सोडून दिलेत.

निम्मं काम राहिलं हे मला कुणी आजवर म्हटलं नव्हतं. पण शास्त्र शास्त्र आहे. व्यंकटीला निरोप पाठवला की आत्या-बहिणी कुठं कुठं दिल्यात ते सांग.

३० मार्च

व्यंकटी स्वतःच बाजाराला आला आणि नावं सांगत गेला. दोन आत्या होत्या, दोघी वारल्या. एक विहिरीवर पाणी शेंदताना. "लेकीबाळींचं कोन ध्यानात ठेवतं दाजी," म्हणाला. सख्ख्या बहिणी दोन. थोरली धुरपता, भोकरला दिलेली. धाकटी भागीरथी, लातूरला.

भागीरथी हे नाव लिहिताना माझा पेन अडखळला. लग्नात आमच्या आईनं ते बदलून कावेरी केलं. माहेरी तिला अजून भागू म्हणतात. इतक्या वर्षांत ते नाव मी पहिल्यांदाच लिहिलं. अक्षर चांगलं आलं.

६ एप्रिल

भोकर. मॅडम सोबत होत्या. एसटीत गर्दी, वाटेत सगळी रानं भगभगीत, जनावरांना कुठं चारा म्हणून नाही. धुरपताक्कांना सांगून ठेवलं नव्हतं, तरी त्यांनी भाकरी थापायला घेतलीच. माहेरकडचं माणूस आलं म्हणून शेजारणींना हाका घातल्या. मी म्हटलं, अक्का, मी तर जावई. त्या म्हणाल्या, "असू द्या हो पाव्हणं. माझ्या भागूच्या घरचं मानूस आलंय, मला तेच माहेर."

बायकांना मोजण्यात अडचण असते ती पुस्तकात लिहिलेली नाही. झंपराची बाही दंडाला घट्ट, ती वर सरकवली तर तिचाच फास बसतो आणि आकडा खोटा येतो. शिवाय पाव्हण्यासमोर दंड उघडा करायचा कसा. शेवटी मॅडमनी आत नेऊन पट्टा बांधला, अक्कांनी लुगड्याचा पदर वरून घेतला आणि मी पदराखालच्या नळीला कान लावला. १९२ वर ११२.

मॅडमनी डोळे तपासले, पाय दाबून पाहिले, रक्त घेतलं, गोळ्या दिल्या. अक्का हसत होत्या. म्हणाल्या, डोकं तर आमचं सगळ्यांचंच दुखतं, आमच्या मायबापानं दिलेलं हाय ते, सुंठ लावायची आन् कामाला लागायचं. मग निघताना मला दारात थांबवून हळूच विचारलं, "भागूचं मोजलं का?"

मी सांगितलं, तिला काही नाही, दोन घागरी घेऊन जिना चढते. अक्का वळून आत गेल्या. मग शेंगदाण्यांचं गाठोडं दिलं, भागूसाठी. शेंगदाणे चांगले टपोरे आहेत.

१३ एप्रिल

वंशवृक्ष पूर्ण व्हायचा तर कावेरीचा आकडा पाहिजे. ही नुसती कामाची रीत. दुकान बंद ठेवून घरीच यंत्र मांडलं. तिला खुर्चीवर बसवलं. ती म्हणाली, "नवरीसारखं बसवलंय."

१७४ वर १०६.

यंत्र बिघडलं आहे. भोकरच्या एसटीत आदळलं असणार. सगळं खोललं. नळी स्पिरिटनं धुतली, पारा गाळला, फुगा बदलला, झडप भिंगाखाली पाहिली. काही सापडलं नाही, पण काही दोष भिंगातही दिसत नाहीत.

१४ एप्रिल

दुरुस्त केलेलं यंत्र मलप्पाला लावलं. १२४ वर ८०, नेहमीसारखं. म्हणजे आता यंत्र बरोबर झालं. कावेरीला लावलं. १७०. पण ती नुकतीच टँकरवरून आली होती आणि तिथं कुणाशी तरी घागरीवरून बोलाचाली झाली होती. हा आकडा धरता येणार नाही.

१७ एप्रिल

काल चहा घेतला होता म्हणून धरला नाही. परवा शेजारीण येऊन आपल्या सुनेच्या तक्रारी सांगून गेली म्हणून धरला नाही. नियमात पहिला आकडा सोडायला सांगितला आहे, त्यामागचा अर्थ हाच की माणसाला स्थिर होऊ द्यावं. कुणी एका मोजणीत स्थिर होतं, कुणी आठात. आज तिला आडवं व्हायला सांगितलं. पडदा ओढला, वाळ्याची ताटी ओली करून खिडकीला लावली. कावेरी डोळे मिटून पडली ती जणू झोपलीच. बऱ्याच वेळानं शेवटी १३८ वर ८८ आला.

तोच लिहिला. गोल कोरा ठेवला. मला हे काम करताना जसं समाधान वाटतं तसं बऱ्याच दिवसांत वाटलं नव्हतं. तिलाही बरं वाटलं असावं. उठून तिनं शेंगदाण्याची चटणी वाटली, माझ्यासाठी. स्वतः मात्र नुसत्या ताकाशी भाकर खाल्ली. दोन-तीन दिवस ती तशीच जेवते आहे. उन्हाळ्यात तिची जीभ जाते.

२० एप्रिल

मॅडम कावेरीचं रक्त घ्यायला आल्या. बर्फ मिळता मिळेना. पाण्याविना बर्फाचा कारखाना बंद. कुल्फीवाल्याच्या विनवण्या करून एक लादी आणली. नमुन्यावर नाव नाही, नुसता क्रमांक सात. मॅडम घाईत होत्या, गाडी गाठायची होती. दाब तुम्ही मोजलाच आहे ना, म्हणाल्या. मी हो म्हटलं.

४ मे

सकाळी कावेरीच्या नाकातून रक्त आलं. पदर भिजला. मी डोक्यावर गार पाणी थापलं, कांदा फोडून हुंगायला दिला. घोळणा फुटला. यंदा ऊन असं आहे की गल्लीत चार जणांना तरी झालं असेल, मी विचारलं नाही एवढंच. तिनं पदर धुताना पाणी जास्त गेलं म्हणून हळहळ केली.

आज दोन घड्याळांचे काटे उलटे बसवले. असं कधी झालं नाही.

११ मे

आजचं नीट लिहायचं आहे.

मॅडम हैद्राबादचा निकाल घेऊन आल्या. व्यंकटी आणि अक्का, दोघांच्या पेशींत मिठाची चाल एकसारखी, भलतीच वेगवान. क्रमांक सातची त्यांच्याशी तंतोतंत जुळते. मॅडम म्हणाल्या, एवढ्यावरून दाब आहेच असं शास्त्र अजून म्हणत नाही. पण तिघं भावंडं, एक चाल, आणि दोघांचा आकडा एकशे ऐंशीच्या वर असताना तिसऱ्याचा एकशे अडतीस. मला एकदा स्वतः पाहू दे.

कावेरी चहा ठेवत होती. मी म्हटलं, आत्ताच पाणी भरून आली आहे, थांबू या. मॅडम थांबल्या. मी म्हटलं, चुलीजवळ होती. आणखी थांबल्या. मग त्यांनी पट्टा बांधला. कानात नळी त्यांच्या होती, पण आवाज सुरू झाला की पारा किंचित थरथरतो, ते माझ्या डोळ्याला दिसतं. १७८ वर थरथरला.

मॅडम म्हणाल्या, एकशे अठ्ठ्याहत्तर, एकशे दहा. मी म्हटलं पट्टा अर्धं बोट खाली आहे. त्यांनी वर घेतला. तोच आकडा. मी म्हटलं परक्या माणसानं मोजलं की वाढतो. खिडकी उघडी आहे म्हटलं. आणखीही काही म्हटलं असेन.

कावेरी मला कधी मध्येच तोडत नाही. आज म्हणाली, "अहो, बसा खाली." मी बसलो. मग ती मॅडमना म्हणाली, "ह्यांच्यावर रागावू नका बाई. मी यंत्राकडं बघतच न्हाई, मला काय कळतंय त्यातलं. मी ह्यांच्या तोंडाकडं बघते. आकडा जास्ती आला की तोंड असं होतं, लेकरागत. मग मी गप पडून ऱ्हायले. मीठ सोडलं चार दिस. कमी यावा मनून."

मी विचारलं, तुला माहीत होतं?

"अण्णा बांधावर पडले तवापासून माहीत हाय. आक्काला बी माहीत हाय. आमचं आमाला कळतंय."

"मग मला का नाही सांगितलं?"

ती म्हणाली, "तुमी मला कसं वाटतंय ते कुठं इचारलं. तुमी आकडा मागत होता. तो दिला."

मॅडम खिडकीकडं तोंड करून उभ्या राहिल्या. चहा उतू गेला. तो पुसायला मी उठलो.

१२ मे

गोळ्या सुरू झाल्या. सकाळी एक. मॅडमनी साफ सांगितलं, आणखी थोडे महिने असंच गेलं असतं तर अर्जुनरावांची खाट हिच्या वाट्याला आली असती. आता आली नाही, वेळेत सापडलं, असंही म्हणाल्या. महानंदाला, आमच्या लेकीला, निलंग्याला निरोप धाडला आहे की लवकर येऊन मोजून जा. तीही दिल्या घरची.

तक्त्यातला आकडा बदलायचा होता. संशोधनात खोडरबर चालत नाही. चुकीच्या आकड्यावर एकच रेघ मारायची, खालचा आकडा वाचता आला पाहिजे, शेजारी खरा लिहायचा. तसं केलं. भागीरथीचा गोल शाईनं भरला. कडेला थोडी शाई पसरली. नवा कागद घेऊन सगळं पुन्हा काढावं असं मनात आलं होतं, नाही काढला.

जाताना मॅडमनी एक नियम वाढवला. मी कावेरीचा दाब मोजायचा नाही. मी म्हटलं, लातुरात माझ्यापेक्षा बरोबर कोण मोजतो? त्या म्हणाल्या, "कुणी नाही. म्हणून तर सांगते. बाकी सगळं जग मोजा, भीमाशंकरराव."

१८ मे

आळणी आमटीचा सहावा दिवस. दोघांसाठी एकच शिजवायची असं मी ठरवलं. चांगली झाली आहे असं म्हणालो. कावेरी म्हणाली, यंत्रानं खोटं मोजून झालं, आता तोंडानं बी खोटं मोजाया लागलात व्हय. घागरी आता मी आणतो. टँकरवरच्या बायका हसतात. एकीनं विचारलं, मालकीण बाळंतीण हाय का? मी म्हटलं, होय, माहेरचं दुखणं आहे. तिला काही कळलं नाही, पण तिनं मला रांगेत पुढं घेतलं.

२६ मे, सोमवार

आज दवाखान्यात कावेरीला पहिल्यांदा मोजायला नेलं. यंत्र माझ्याच हातचं दुरुस्त केलेलं. कंपाउंडरनं मला ओळखलं, या की आत म्हणाला. मी बाहेरच्या बाकड्यावर बसलो. दार उघडं होतं आणि कावेरीची खुर्ची दाराकडं तोंड करून होती, म्हणून मी भिंतीकडं तोंड करून बसलो.

आतून हवा सोडल्याचा आवाज आला. फार भरकन सोडली त्यानं. इतक्या वेगानं पारा उतरला तर नेमका आकडा कसा हाती लागेल? उठावंसं वाटलं. भिंतीवर कुटुंबनियोजनाचं चित्र होतं, ते पाहत बसलो. शेजारचा म्हातारा विचारत होता कुणाला काय झालंय. मी म्हटलं, माझ्या मंडळींना दाब आहे. हे वाक्य मी पहिल्यांदा बोललो. त्यानं मान हलवली आणि स्वतःच्या गुडघ्याचं सांगू लागला.

कावेरी बाहेर आली. बाही नीट केली, पदर घेतला, माझ्या तोंडाकडं पाहिलं. मी तोंड जसं होतं तसंच राहू दिलं.

"एकशे छप्पन," ती म्हणाली. "खालचा शंभर. अजून जास्तीच हाय."

मी म्हटलं, "आहे तेवढा आहे."

ऊन टळटळीत होतं. तिनं छत्री उघडली आणि आम्ही दोघं एका छत्रीत, भर बाजारातून, लोक पाहत असताना घरी आलो. वाटेत मी तिला विचारलं की कसं वाटतंय. ती जी सांगायला लागली ती घर येईपर्यंत थांबली नाही.